आता सॅबथमध्ये नेमकं होतं तरी कोण?

गायक ऑझी ऑस्बोर्न गेला त्यानंतर या सदरात त्याच्या हेवी मेटल बँडबद्दल, म्हणजे ब्लॅक सॅबथबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, आणि तेव्हापासून पत्रांचा नुसता पाऊस पडतोय. गंमत म्हणजे गाण्यांबद्दल कोणी फारसं विचारत नाही, सगळ्यांना हवाय तो हिशोब, कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोणाला काढलं आणि कोण स्वतःहून गेलं. मग म्हटलं एकदाचं हे भिजत घोंगडं धुवून वाळत घालूया. आठ प्रश्न घेतलेत, लांबलचक होते ते थोडे छाटलेत.

प्रश्न : दादा, आमच्या ग्रुपमध्ये या विषयावरून कायम वाजतं. माझं म्हणणं, ऑझी नाही तर ती सॅबथच नाही. बाकी तिघं म्हणतात नंतरच्या गायकाची, डिओवाली पण सॅबथच. तुम्ही एकदाचा निकाल लावा, मी हरलो तर मान्य करीन.

मग कर मान्य, कारण निकाल तुझ्या विरुद्ध आहे.

आधी साधी बेरीज बघ. सॅबथचे स्टुडिओ अल्बम एकूण 19. त्यातले ऑझीचे 9, टोनी मार्टिनचे 5, रॉनी जेम्स डिओचे 3, इयान गिलनचा 1 आणि ग्लेन ह्यूजचा 1. म्हणजे अर्ध्याहून जास्त अल्बमांवर ऑझी नाहीच. सगळ्या 19 वर असलेला माणूस एकच, गिटारवाला टोनी आयोमी. बास वाजवणारा गीझर बटलर 14 वर आहे, ड्रमर बिल वॉर्ड 10 वर.

आता तू म्हणशील बेरजेने बँड ठरतो का. नाही ठरत, म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. आयोमी 17 वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा आहे, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. दुसरा कोणी असता तर गिटार विकून मोकळा झाला असता. याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या बनवल्या, त्या घासून घासून बोटांवर बसवल्या आणि तार निसटू नये म्हणून वर चामड्याचा तुकडा चिकटवला. मग जाड तारा दाबताना त्रास व्हायचा म्हणून पातळ तारा लावल्या, आणि 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' अल्बमपर्यंत गिटार सरळ तीन पट्ट्या खाली उतरवली, तारा सैल झाल्या, आवाज मात्र जाड आणि काळाकुट्ट झाला. ज्याला आपण हेवी मेटलचा आवाज म्हणतो त्याचा बराच मोठा भाग त्या दोन टोप्यांमधून आलाय रे. गायक कोणीही असो, 'हेडलेस क्रॉस' लाव नाहीतर 'बॉर्न अगेन' लाव, पहिल्या दहा सेकंदात तोच हात ओळखू येतो.

तर माझं मत असं, की रिफ (गिटारवर फिरून फिरून येणारी छोटी चाल) जिथे, सॅबथ तिथे. या मताला एक भोक आहे, ते मला माहितीये, आणि एका वाचकाने खाली बरोबर तिथेच बोट घातलंय. तोवर तू मित्रांना चहा पाज.

प्रश्न : क्विझसाठी हवंय. सॅबथचे सगळे गायक क्रमाने सांगाल का? मला पाचच सापडले.

पाच म्हणजे अल्बमवरचे. स्टेजवरचे धरले तर जास्त होतात आणि खरी मजा तिथेच आहे.

ऑझी 1968 पासून. 1977 च्या शेवटी तो रुसून गेला तेव्हा डेव्ह वॉकर आला, आधी सॅव्हॉय ब्राऊन आणि फ्लीटवूड मॅकमध्ये गायलेला, बीबीसीच्या एका कार्यक्रमात सॅबथबरोबर गायलासुद्धा, तेवढ्यात ऑझी परत आला आणि म्हणाला की वॉकरच्या वेळची गाणी मी गाणार नाही. मग त्यातलं एक 'स्विंगिंग द चेन' चक्क ड्रमर बिल वॉर्डने गायलं, 'नेव्हर से डाय'वर आहे, ऐका, वाईट नाही. एप्रिल 1979 मध्ये ऑझीला काढलं, आणि ही बातमी त्याला सांगायचं काम कोणावर आलं तर त्याच्या जिवलग मित्रावर, म्हणजे परत वॉर्डवरच. मग डिओ. 1982 मध्ये लाइव्ह अल्बमच्या मिक्सिंगवरून कोणाचा आवाज कोणी रात्री गुपचूप वाढवला असली भांडणं होऊन तो गेला, जाताना ड्रमर व्हिनी अॅपिसीला घेऊन गेला. 1983 ला डीप पर्पल बँडवाला इयान गिलन. 1986 ला ग्लेन ह्यूज, तोही पर्पलवालाच, पण टूर सुरू व्हायच्या तोंडावर मारामारीत चेहऱ्याला मार लागला आणि आवाज बसला, चार-पाच कार्यक्रमांत संपलं. त्याच्या जागी रे गिलन, इथे लक्ष द्या, इयान गिलन वेगळा आणि हा वेगळा, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आहे पण मराठीत लिहिताना डोकं फिरतं. या रे गिलनने 'द इटर्नल आयडल' अख्खा गाऊन ठेवला आणि निघून गेला, मग टोनी मार्टिनला आणून तोच अल्बम परत गाऊन घेतला. पुढे 1992 साठी डिओ परत, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन रात्रींपुरता जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड, नंतर पुन्हा मार्टिन, आणि 1997 पासून पुन्हा ऑझी.

हॅलफर्डचं असं झालं की कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला ऑझीचे तेव्हाचे 'निरोपाचे' कार्यक्रम होते आणि त्याच्या आधी सॅबथने वाजवायचं ठरलं. डिओ म्हणाला, मी त्या माणसाच्या आधी गाणार नाही, आणि खरंच नाही गायला. ऑझीचा निरोप अर्थात पुढे बऱ्याच वेळा झाला.

क्विझमध्ये विचारणाऱ्याला आधी 'अल्बम की स्टेज' एवढं विचारून घ्या, नाहीतर हातघाईवर याल.

प्रश्न : मी गाणं शिकते (शास्त्रीय). मला ऑझी आणि डिओमधला फरक ऐकू येतो पण शब्दांत सांगता येत नाही. डिओ जास्त सुरेल आहे एवढंच आहे का?

नाही, आणि तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला कारण फरक गळ्यापेक्षा गाणं बांधण्यात जास्त आहे.

'आयर्न मॅन' लावा. गिटार जी चाल वाजवतेय तीच चाल ऑझी गातोय, सुरावर सूर ठेवून. साथीला सारंगी गायकाच्या मागे मागे जाते ना, इथे उलटं, गायक गिटारच्या मागे चाललाय. यात कमीपणा काही नाही, उलट तो सपाट, थोडा रडवेला, शेजारच्या मुलासारखा आवाज त्या राक्षसी रिफला चिकटून चालला की जी भीती वाटते ती गोड गळ्याने वाटलीच नसती. शब्दही त्याचे नव्हते, बहुतेक गीझर बटलर लिहायचा.

आता 'हेवन अँड हेल' लावा, 1980 चं, अल्बमचंही नाव तेच. सुरुवातीला आयोमीचा मोठा रिफ येतो, पण डिओ गायला लागला की गिटार बाजूला सरकते, बास एकाच ठेक्यावर धावत राहतो आणि वरची सगळी जागा गायकाची. डिओ रिफला धरून गात नाही, रिफवरून उड्या मारत जातो, स्वतःची वेगळी चाल घेऊन, शब्दही स्वतःच लिहितो. म्हणजे आयोमीला आता अशी गिटार बांधावी लागली ज्यात दुसऱ्याला जागा असेल. तो आधीच्या दहा वर्षांत असं फार कमी वेळा करत होता. 'चिल्ड्रन ऑफ द सी' ही दोघांनी मिळून बसवलेली पहिली चीज, तिच्यात हा बदल होताना जवळजवळ दिसतो, शांत सुरुवात, मग गिटार कोसळते आणि गळा तिच्याही वर जातो.

म्हणून मी म्हणतो की डिओ आला तेव्हा फक्त गायक बदलला नाही, आयोमीसुद्धा बदलला. सुरेलपणाचं म्हणाल तर हो, डिओ सुरेल होताच, पण सुरेल गायक आणून रिफच्या मागे उभा केला असता तर काहीच झालं नसतं.

तुमच्या गुरुजींना ऐकवणार असाल तर 'चिल्ड्रन ऑफ द सी'पासून सुरुवात करा, 'आयर्न मॅन'पासून नको.

प्रश्न : 'बॉर्न अगेन' माझ्या हेडफोनवर गढूळ ऐकू येतो, फाइल खराब आहे का?

फाइल बरी आहे, अल्बमच तसा आहे. मी पहिल्यांदा तो कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेल्या कॉपीत ऐकला होता आणि बरीच वर्षं कॉपी करून देणाऱ्या मित्राला शिव्या घालत होतो. मग मूळ ऐकला. गोधडीखालून वाजल्यासारखाच. मित्राची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

बाकी त्या काळातलं सगळंच अचाट. इयान गिलनने स्वतः सांगितलंय की पबमध्ये आयोमी आणि बटलरबरोबर भरपूर प्यायलो आणि आपण सॅबथमध्ये सामील झालोय हे नंतर दुसऱ्यांकडून कळलं. टूरसाठी स्टोनहेंजच्या दगडांचा सेट बनवायला दिला तर फूट आणि मीटरचा घोळ होऊन एवढा अजस्र आला की बऱ्याच ठिकाणी स्टेजवर मावेचना. ड्रमवर वॉर्ड फक्त रेकॉर्डिंगपुरता होता, टूरला ईएलओ बँडचा बेव्ह बेव्हन. आणि 1984 मध्ये डीप पर्पल परत जमली, गिलनसाहेब तिकडे.

प्रश्न : टोनी मार्टिनने पाच अल्बम केले तरी त्याचं नाव कोणी घेत नाही. अन्याय नाही का हा?

आहे. मोठा आहे.

पण का झाला ते बघू. 1986 ते 1990 या काळात सॅबथ म्हणजे आयोमी, कीबोर्डवर जेफ निकल्स, आणि बाकी जो सापडेल तो. त्याआधीचा 'सेव्हन्थ स्टार' तर आयोमीने स्वतःच्या नावाने काढायचा म्हणून केला होता, कंपनीने ऐकलं नाही, मग कव्हरवर 'ब्लॅक सॅबथ फीचरिंग टोनी आयोमी' असं लांबलचक नाव आलं. एक ना धड भाराभर चिंध्या. लोकांचा विश्वासच उडाला होता, अशा वेळी मार्टिन आला, बिचाऱ्याला पहिलंच काम मिळालं ते दुसऱ्याने गायलेल्या गाण्यांवर गायचं. त्यातूनही 1989 ला 'हेडलेस क्रॉस' आला, ड्रमवर कोझी पॉवेल, आणि तो अल्बम माझ्या मते सॅबथच्या पहिल्या आठ-नवांत बसतो, भांडायचं असेल तर भांडा. 1990 चा 'टीर' पण चांगला आहे.

मग काय झालं, तर डिओ परत यायला तयार झाला आणि मार्टिनला नारळ. कोझीलाही ठेवायचं चाललं होतं पण त्याचा घोडा त्याच्यावरच कोसळला, कंबरेचं हाड मोडलं, म्हणून व्हिनी अॅपिसी आला आणि डिओच्या आधीच्या 'मॉब रूल्स' अल्बमचा अख्खा संच आपोआप जमला. डिओ गेल्यावर मार्टिनला परत बोलावलं, तोही मुकाट्याने आला. 1995 चा 'फॉरबिडन' मात्र फसला, निर्माता बॉडी काउंट बँडचा अर्नी सी, एका गाण्यात रॅपर आइस-टी पाहुणा, आणि आवाज असा की ढोल कुठे आणि गिटार कुठे. आयोमीलाही तो सलत असणार, कारण 2024 मध्ये मार्टिनच्या काळातले अल्बम 'अॅनो डॉमिनी' या संचात परत आले तेव्हा 'फॉरबिडन' त्याने स्वतः नव्याने मिक्स करून दिला. तो नवा ऐका, पुष्कळ सुधारलाय.

एक मात्र आहे. 2006 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सॅबथला घेतलं तेव्हा नावं फक्त मूळ चौघांची. मार्टिन सोडा, त्या यादीत डिओसुद्धा नाही. म्हणजे अन्यायाच्या रांगेत मार्टिनच्या पुढे बरेच उभे आहेत.

प्रश्न : सर, आमचा पाच जणांचा बँड आहे. गायक सोडून गेला आणि म्हणतो नाव मी सुचवलेलं, नाव माझं. आम्ही चौघं तेच नाव वापरू शकतो का? सॅबथने काय केलं?

कायद्याचं वकिलाला विचारा, मी गिटारच्या तारा बदलणारा माणूस. सॅबथने काय केलं ते सांगतो, करू नये असं बरंच आहे त्यात.

2006 मध्ये आयोमी, बटलर, डिओ, अॅपिसी पुन्हा एकत्र आले तेव्हा सॅबथ हे नाव ऑझीवाल्या संचासाठी राखलेलं, म्हणून यांनी 'हेवन अँड हेल' नाव घेतलं. चार माणसं तीच, गाणी तीच, नाव वेगळं. 2009 मध्ये 'द डेव्हिल यू नो' काढला आणि मला विचाराल तर तो सॅबथचाच अल्बम आहे, वर नाव काहीही लिहा. 2010 च्या मे महिन्यात डिओ कॅन्सरने गेला आणि ते तिथेच थांबलं. दुसरीकडे 2009 मध्येच ऑझीने आयोमीवर न्यूयॉर्कमध्ये केस टाकली की नावात माझा अर्धा वाटा आहे. वर्षभराने मिटलं आपसात. म्हणजे स्थापना 1968 ची आणि नाव कोणाचं यावर कोर्टात भांडण 2009 ला, 41 वर्षांनी! तुमचं निदान लवकर आलंय, आत्ताच कागदावर काहीतरी लिहून घ्या.

आणि ही सवय त्यांची पहिल्यापासूनची बरं का. अगदी सुरुवातीला पोल्का टल्क ब्लूज बँड नावाने सहा जण होते, त्यात एक सॅक्सोफोनवाला आणि एक स्लाइड गिटारवाला नकोसे झाले. तोंडावर कसं सांगायचं म्हणून चौघांनी 'बँड मोडला' असं जाहीर केलं आणि काही दिवसांनी गुपचूप परत जमले, ते दोघं सोडून. हे तुम्ही करू नका, हल्ली दहा मिनिटांत कळतं.

प्रश्न : तुमचा 'रिफ जिथे सॅबथ तिथे' हा सिद्धांत मागेही वाचलाय. मग '13' अल्बममध्ये आयोमी, बटलर, ऑझी तिघंही असून काहीतरी कमी का वाटतं?

हेच ते भोक.

2011 मध्ये, 11-11-11 ला, चौघांनी मोठ्या थाटात जाहीर केलं की परत येतोय, नवा अल्बम आणि टूर. तीन महिन्यांत बिल वॉर्डने कळवलं की जो करार समोर ठेवलाय तो सही करण्यासारखा नाही. मग '13' वर ड्रम वाजवले रेज अगेन्स्ट द मशीन बँडच्या ब्रॅड विल्कने, टूरवर टॉमी क्लुफेटोस. 2013 मध्ये अल्बम इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेला, म्हणजे धंद्याच्या हिशोबाने काही बिघडलं नाही.

पण ऐकताना बिघडतं. वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला माणूस, जीन क्रूपा वगैरे ड्रमर. तो ठोका घड्याळासारखा देत नाही, जरा मागे रेंगाळतो, मग धावत येऊन गाठतो, रिफच्या मधल्या फटी भरतो, काही वेळा तर गायकालाच उत्तर देतो. 'वॉर पिग्ज'मध्ये ऑझीची एक ओळ होते आणि मधल्या शांततेत फक्त वॉर्डची हाय-हॅट (ड्रमवरची झांजांची जोडी) टिकटिकत असते, ते आठवा. विल्क उत्तम वाजवतो, पण सरळ वाजवतो. रिफ तीच राहते आणि चाल बदलते, हत्तीला रस्त्यावर कवायत करायला लावल्यासारखी. हे अॅपिसी किंवा कोझीबद्दल का वाटत नाही? कारण त्यांच्या वेळी आयोमीने रिफच त्यांच्या हाताला शोभतील अशा बांधल्या. '13' मध्ये मात्र 1970 सारखं वाजवायचा प्रयत्न होता, आणि 1970 चा ड्रमर घरी बसला होता.

तेव्हा सिद्धांतात दुरुस्ती करतो, रिफ आयोमीची असली तरी ती जुन्या चालीने चालवायची तर वॉर्ड लागतो. आधीच्या वाचकाने पाजलेला चहा अर्धा परत.

2017 च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला सॅबथने शेवटचा कार्यक्रम केला तोही वॉर्डशिवायच. मग 5 जुलै 2025 ला त्याच शहरात व्हिला पार्कवर चौघं एकत्र आले, 20 वर्षांत पहिल्यांदा. ऑझीला उभं राहता येत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. चारच गाणी झाली, 'वॉर पिग्ज', 'एन.आय.बी.', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड'. वॉर्ड 77 वर्षांचा, हात पूर्वीसारखे चालत नाहीत, काही ठिकाणी ताल डगमगला सुद्धा. पण तो डगमगला तसे बाकीचे तिघंही त्याच्याबरोबर डगमगले, आणि '13' मध्ये जे सापडत नव्हतं ते तिथे होतं. 22 जुलैला ऑझी गेला.

प्रश्न : मी बास वाजवतो. गायकाबद्दल विचारतात, गिटारवाल्याबद्दल विचारतात, ड्रमरबद्दलसुद्धा विचारतात. गीझर बटलरबद्दल कोणी पत्र लिहिलं का?

नाही. तुमचंच पहिलं.

आणि तरी बघा, मूळचा हा गिटारवाला, आयोमीला दुसरी गिटार नको होती म्हणून बास हातात घेतला. ऑझीच्या काळातले बहुतेक शब्द याचे. स्वतः तीन-चारदा बँड सोडून गेला आणि परत आला, तेव्हाही कोणी फारसा गलबला केला नाही. मित्र फारच दुर्लक्ष करायला लागले तर पहिल्या अल्बमवरचं 'एन.आय.बी.' लावा, सुरुवातीला गिटार गप्प, गायक गप्प, ड्रम गप्प, एकटा गीझर वाजवतोय. तेवढं ऐकवा आणि बाकीचे तिघं यायच्या आत बंद करून टाका.